जाधव, खाशाबा दादासाहेब

(१५ जानेवारी १९२६–१४ ऑगस्ट १९८४). मुक्त शैलीच्या (फ्रीस्टाइल) कुस्तीतील विख्यात महाराष्ट्रीय मल्ल आणि स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खेळाडू. हेलसिंकी (फिनलंड) येथे १९५२ मध्ये भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत त्यांनी बँटमवेट (५७ किग्रॅ.) गटात ब्राँझपदक मिळविले. त्यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या गावी शेतकरी कुटुंबात झाला. वडील दादासाहेब हे पंचक्रोशीत नावाजलेले पैलवान होते आणि त्यांच्या पाच मुलांत खाशाबा हे सर्वांत धाकटे. कुस्तीचे पहिले धडे त्यांना घरीच, वडिलांच्या हाताखाली, वयाच्या पाचव्या वर्षापासून मिळाले. माध्यमिक शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये (१९४०–४७) झाले. हा काळ सातारा जिल्ह्यातील प्रतिसरकारच्या धामधुमीचा होता. १९४२ च्या चळवळीतील भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणाऱ्या घरांत जाधवांचेही घर होते.

खाशाबांच्या कारकीर्दीचे मर्म समजण्यासाठी त्यांच्या वेळची महाराष्ट्रातील कुस्ती कशी होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात गावोगावी तालमी होत्या आणि ग्रामदैवताच्या जत्रेला कुस्त्यांचा फड भरल्याशिवाय जत्रा पुरी होत नसे. कोल्हापूर हे या मल्लविद्येचे माहेरघर. राजर्षी शाहू महाराजांनी तिला राजाश्रय दिला आणि खासबागेचे प्रशस्त मैदान बांधविले. ही कुस्ती मातीत होई. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस इ. घालून ती मऊ करीत. घामाने निसरड्या झालेल्या अंगाला माती चोळली की पकड बसते. म्हणून पकड, ताकद आणि दम यांवर या कुस्तीची मदार असे. कुस्ती निकाली व्हायची, म्हणजे एकाची पाठ जमिनीला लागेपर्यंत चालायची. तिला घड्याळाचे बंधन क्वचितच असे. जोड लावण्याचे काम जाणत्या वस्तादांच्या नजरेवर सोपविलेले असे. तराजू तेथे नव्हता. मोठ्या इनामाच्या कुस्त्या थोराड बांध्याच्या मल्लांच्या वाट्याला येत आणि त्या फडाच्या शेवटी लागत. लहान चणीच्या मल्लाची कुस्ती दिवस कलण्यापूर्वीच उरकली जाई. डावपेचांत तो कितीही निपुण असला, तरी नारळ, फेटा आणि किरकोळ रकमेच्या इनामापलीकडे त्याची मजल जाणे अवघड होते. आंतरराष्ट्रीय कुस्तीत मात्र वजनाचे गट असतात आणि ५७ किलोंचा विजेता हा १०० किलोंच्या विजेत्याइतकाच विजेता असतो. खाशाबा हे चणीने लहान होते. त्यांच्या अंगच्या गुणांना न्याय मिळावयाचा तर तो मातीच्या फडाबाहेरच मिळणार होता. पण ते गुण घडले ते त्याच फडात.

मॅट्रिक झाल्यावर उच्च शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना कोल्हापुरात लाभले. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धांत कुस्तीसाठी त्यांनी नाव दिले, तेव्हा त्यांचा किरकोळ देह पाहून क्रीडाशिक्षकांनी ते घेण्यास नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांच्याकडे गेले. खर्डेकरांनी परवानगी दिली आणि अंगापिंडाने आपल्याहून मोठ्या प्रतिस्पर्ध्यांना लोळवून खाशाबांनी ती सार्थ केली. हा प्रसंग त्यांच्या सर्व चरित्रकथांत येतो, तो बहुधा गमतीची आठवण म्हणून. वास्तविक पाहता त्यांच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने तो निर्णायक ठरला. कारण या मल्लाचा कैवार घेणारा, शिक्षित समाजात वजन असलेला एक माणूस त्यातून त्यांना मिळाला.

या काळात त्यांच्या कुस्तीचे वैशिष्ट्य ठरले ते ढाक या डावाचे. यात प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत आवळून, आपले अंग वळवीत, त्याला खांद्या-कमरेवरून पुढे फेकतात. वेळ साधला, तर आपल्याहून जड मल्लही या डावावर चीत होतो. चुकला, तर आपलीच पाठ प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात जाते. ताकदीपेक्षा चपळाई आणि क्षण हेरण्याची बुद्धी यांची येथे कसोटी लागते. खाशाबांच्या ठायी या दोन्ही गोष्टी होत्या. त्यांच्या चपळाईचा विचार करता ढाक हा त्यांच्यासाठी जणू बेतलेलाच डाव होता. पुढे इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ हे नाव दिले, तेही याच गुणांमुळे.

लंडन ऑलिंपिकसाठी (१९४८) त्यांची भारतीय संघात निवड झाली. प्रवासखर्चाचा भार मुख्यतः कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनमधील कुस्त्या अर्ल्स कोर्ट येथील एम्प्रेस हॉलमध्ये झाल्या. तेथे खाशाबांना प्रथमच गादीवर (मॅट) आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लढावे लागले. मातीतल्या मल्लाला गादी किती परकी वाटते, याची कल्पना सर्वसामान्य प्रेक्षकाला सहसा येत नाही. मातीत पाय रुततो आणि त्यावर भर देऊन डाव मारता येतो. गादीवर पाय सतत हलता ठेवावा लागतो. मातीत लंगोटाला धरून प्रतिस्पर्ध्याला उचलता येते. गादीवर पोशाखाला हात लावणे निषिद्ध. मातीत मल्ल पालथा पडून दम खाऊ शकतो, कारण पाठ लागत नाही तोवर काही बिघडत नाही. गादीवर प्रत्येक हालचालीची नोंद पंच घेत असतात आणि पाठ टेकली नाही, तरी कुस्ती हरता येते. शिवाय लढतीची मुदत त्या वेळी १५ मिनिटांची होती. तासभर झुंजण्याची सवय असलेल्या मल्लाला पहिल्या मिनिटापासून आक्रमण करण्याची नवी शिस्त अंगी बाणवावी लागे.

ही शिस्त शिकविण्यासाठी लंडनमध्ये त्यांना रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाचे मार्गदर्शन मिळाले. त्यासाठी मिळालेला अवधी थोडा होता. तरीही फ्लायवेट (५२ किग्रॅ.) गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाचा बर्ट हॅरिस आणि अमेरिकेचा बिली जर्निगन यांना हरविले. इराणचा मन्सूर रईसी याच्याकडून त्यांचा पराभव झाला आणि ते सहावे आले. या गटाचे सुवर्णपदक फिनलंडचा लेनार्ट व्हीटाला याला मिळाले. गादीशी ओळख होऊन फार दिवस न झालेल्या मल्लाने जगात सहावे यावे, याचे मोल त्या वेळी देशात फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. भारतीय मल्ल याआधीही ऑलिंपिकमध्ये उतरले होते. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये रणधीर शिंदे हे फेदरवेट गटात चौथे आले होते. तथापि त्या प्रयत्नांची परंपरा निर्माण झाली नव्हती. प्रत्येक मल्लाला गादीची अक्षरे नव्याने गिरवावी लागत.

पुढील चार वर्षे खाशाबांनी निष्ठेने मेहनत केली. त्यांचे वजन वाढले व ते बँटमवेट गटात आले. लंडनच्या अनुभवामुळे आपले कोठे कमी पडते, हे त्यांना नेमके ठाऊक झाले होते. परंतु हेलसिंकीचा रस्ता गादीवरच्या लढतींइतकाच गादीबाहेरच्या अडथळ्यांनी भरलेला होता. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एका गुणाने मागे टाकण्यात आले. हा निकाल पक्षपाती असल्याची त्यांची भावना होती. त्यांनी पतियाळाचे महाराज यादवींद्र सिंग यांच्याकडे दाद मागितली. कुस्तीचे चाहते असलेल्या महाराजांनी पुन्हा लढत घेण्याची व्यवस्था केली आणि तीत खाशाबा निर्विवाद जिंकले. अशा रीतीने संघातले त्यांचे स्थान पक्के झाले.

निवड झाली, पण खर्चाचा प्रश्न उरला. ऑलिंपिकला जाणाऱ्या खेळाडूने आपल्या खर्चाची तजवीज बव्हंशी आपणच करावी, अशी त्या वेळची रीत होती. संस्थान विलीन झाल्याने १९४८ सारखा राजाश्रय मिळण्याची शक्यता उरली नव्हती आणि राजाश्रयाची जागा घेण्याइतकी शासनाची क्रीडाविषयक यंत्रणा अद्याप उभी राहिली नव्हती. मुंबई राज्य सरकारकडून मिळालेले साहाय्य तोकडे होते. अशा वेळी कराड-गोळेश्वर परिसरातील लोकांनी, दुकानदारांपासून शेतकऱ्यांपर्यंत, वर्गणी गोळा केली. कोणी रोख दिले, कोणी शिधा दिला. खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. त्या काळच्या एका प्राध्यापकाच्या दृष्टीने ही रक्कम अनेक महिन्यांच्या वेतनाएवढी होती. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज खर्डेकरांचे नाव आहे. त्यांच्या शैक्षणिक कार्याचा तो यथोचित गौरव होय. पण भारतीय क्रीडेतिहासातही त्यांची नोंद व्हावयास हवी, ती या गहाणखतासाठी.

हेलसिंकीतील मुक्त शैलीच्या कुस्त्या २० ते २३ जुलै १९५२ या दिवसांत झाल्या. त्या वेळची पद्धत ऋण गुणांची होती. चीतपट विजयाखेरीज इतर कोणत्याही निकालाला मल्लाच्या नावावर ऋण गुण चढत आणि असे पाच गुण झाले की तो स्पर्धेतून बाद होई. अखेरीस दोन किंवा तीन मल्ल उरले की त्यांच्यातील लढतींवरून पदकांचा क्रम ठरे. म्हणजे नुसते जिंकणे पुरेसे नव्हते, तर शक्य तेथे प्रतिस्पर्ध्याला चीत करणे अगत्याचे होते. निकाली कुस्तीत वाढलेल्या मल्लाला ही पद्धत काहीशी अनुकूल होती, असे म्हणता येईल. खाशाबांनी कॅनडाचा आद्रियाँ पोलिकँ, मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांट श्मिट्स यांचा पराभव केला व ते शेवटच्या तिघांत पोहोचले.

उरलेले दोघे होते जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएट युनियनचा रशीद ममेदबेकोव्ह. हे दोन्ही देश लंडनमध्ये नव्हते. जपानला १९४८ चे निमंत्रण नव्हते आणि सोव्हिएट युनियन हेलसिंकीतच प्रथम ऑलिंपिकमध्ये उतरले. म्हणजे खाशाबांसमोर आलेली स्पर्धा लंडनपेक्षा निश्चितच कडवी होती. इशीशी त्यांनी पूर्ण वेळ झुंज दिली. ती ते गुणांवर हरले. ममेदबेकोव्हविरुद्धही त्यांना पराभव पत्करावा लागला. या लढतींसंबंधी एक हकिकत वारंवार सांगितली जाते. दोन लढतींमध्ये नियमाप्रमाणे किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. पण इशीशी झालेल्या दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर खाशाबांना लगेच गादीवर बोलाविण्यात आले आणि त्यांच्या वतीने हरकत घेण्यासाठी भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, अशी ती हकिकत आहे. लढतींच्या क्रमाविषयी सांगणाऱ्यांत एकवाक्यता नाही. विश्रांती मिळाली असती, तर निकाल फिरला असता असे ठामपणे म्हणणे धाडसाचे ठरेल. दोन्ही प्रतिस्पर्धी अव्वल दर्जाचे होते. परंतु घरदार गहाण टाकून जो मल्ल तेथवर पाठविला गेला, त्याच्या बाजूने नियमाचे पुस्तक उघडणारा माणूस मोक्याच्या वेळी जवळ असू नये, हे त्या काळच्या क्रीडाप्रशासनाचे यथार्थ चित्र आहे. इशी याने सुवर्णपदक, ममेदबेकोव्हने रौप्यपदक आणि खाशाबांनी ब्राँझपदक मिळविले. इशीचे हे सुवर्णपदक जपानला त्या ऑलिंपिकमध्ये मिळालेले एकमेव सुवर्णपदक होते. खाशाबांचे सहकारी व कोल्हापूरचेच मल्ल केशव माणगावे हे फेदरवेट गटात चौथे आले. एकाच तालीम-परंपरेतले दोन मल्ल जागतिक स्पर्धेत पदकाच्या उंबरठ्यावर एकाच वेळी पोहोचले होते, ही गोष्ट खाशाबांच्या यशाच्या झगमगाटात सहसा विसरली जाते.

खाशाबांच्या आधी नॉर्मन प्रिचर्ड या कोलकात्यात जन्मलेल्या धावपटूने १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन रौप्यपदके मिळविली होती व ती भारताच्या नावावर नोंदली गेली आहेत. स्वतंत्र भारताच्या वतीने वैयक्तिक पदक मिळविणारे पहिले खेळाडू मात्र खाशाबा होत. त्यांच्या पदकाच्या दुसऱ्याच दिवशी, २४ जुलै रोजी, भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात नेदर्लंड्सला ६–१ असे हरवून सुवर्णपदक राखले. बलबीर सिंगने त्यात एकट्याने पाच गोल केले. राष्ट्रीय वृत्तपत्रांचे आणि नेत्यांचे लक्ष साहजिकच तिकडे वेधले गेले. हॉकी हा तोवर राष्ट्राभिमानाचा विषय झालेला होता. कुस्तीतील ब्राँझपदक म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्याची सवय अजून लागलेली नव्हती.

कराडात मात्र ते सर्वांना समजले. खाशाबा परतले, तेव्हा रेल्वे स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि एरवी काही मिनिटांच्या असलेल्या त्या वाटेला कित्येक तास लागले. ढोल-लेझमीच्या गजरात गावोगावचे लोक त्यात सामील झाले. जत्रेच्या फडातील विजयी मल्लाला खांद्यावर घेऊन मिरविण्याचीच ती रीत होती. फक्त या वेळी फड दूर हेलसिंकीत भरला होता. सत्कार आटोपल्यावर खाशाबांनी जे पहिले काम हाती घेतले, ते त्यांच्या स्वभावाची ओळख पटविणारे आहे. कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवून आणि त्यांत स्वतः लढून त्यांनी पैसा जमविला व खर्डेकरांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पोलिसांच्या अंतर्गत स्पर्धांत त्यांनी अनेक कुस्त्या मारल्या आणि पोलीस मल्लांना शिकविलेही. मेलबर्न ऑलिंपिकच्या (१९५६) तयारीत असताना गुडघ्याला झालेल्या गंभीर दुखापतीमुळे त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. त्या वेळी त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते. नोकरीत त्यांनी सु. २७ वर्षे काढली. त्यांपैकी बहुतेक काळ ते उपनिरीक्षक याच पदावर राहिले; बढती फार उशिरा मिळाली आणि निवृत्तीच्या सुमारास ते सहायक पोलीस आयुक्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना खेटे घालावे लागले. याविषयी त्यांनी जाहीर तक्रार केल्याचे फारसे दिसत नाही. दिल्ली येथील १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी ज्योत वाहून नेण्याचा मान त्यांना मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

खाशाबांच्या पदकानंतर त्याच वाटेने इतर मल्ल लगोलग का गेले नाहीत, हा प्रश्न क्रीडेतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. भारतात मल्लांची वाण नव्हती. उदयचंद यांनी १९६१ मध्ये योकोहामा येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ब्राँझपदक मिळविले. बिशंबर सिंग यांनी १९६७ मध्ये दिल्लीत रौप्यपदक मिळविले. महाराष्ट्राचे मारुती माने व गणपतराव आंदळकर यांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धांत सुवर्णपदके जिंकली. तरी ऑलिंपिक पदक लांबच राहिले. कुस्तीतील पुढचे पदक सुशील कुमार यांनी बीजिंग येथे २००८ मध्ये, म्हणजे ५६ वर्षांनंतर मिळविले. त्याआधी कोणत्याही वैयक्तिक प्रकारातील पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, अटलांटातील लिअँडर पेसच्या टेनिसमधील ब्राँझपदकापर्यंत, थांबावे लागले होते. दक्षिण महाराष्ट्रापुरते बोलावयाचे, तर प्रतिष्ठा आणि इनाम ही दोन्ही मातीच्या मैदानांतच राहिली. १९६१ पासून सुरू झालेल्या ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाने कुस्तीची लोकप्रियता टिकविली, हे खरे. पण त्या किताबाचे आकर्षण प्रामुख्याने वजनदार मल्लांभोवती फिरत राहिले. खेड्यातील तालमीला गादी परवडत नसे आणि परवडली, तरी ती शिकविणारा भेटत नसे. गोळेश्वरच्या मल्लाला जे ज्ञान लंडनमध्ये थोड्या दिवसांत आणि हेलसिंकीत प्रत्यक्ष झुंजीतून मिळाले, ते पुढच्या पिढीकडे पोहोचविण्याचे पद्धतशीर प्रयत्न त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात झाले नाहीत. ते स्वतः या कामासाठी उपलब्ध होते. पोलीस दलाबाहेर त्यांचा उपयोग फार थोडा करून घेण्यात आला.

त्यांना मिळालेले बहुतेक मानसन्मान मरणोत्तर आहेत. महाराष्ट्र शासनाने त्यांना शिवछत्रपती पुरस्कार दिला. केंद्र शासनाने २००० सालचा अर्जुन पुरस्कार दिला. हयातीत त्यांना पद्म सन्मान मिळाला नाही. दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडासंकुलात २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. गोळेश्वर येथे त्यांच्या नावाने कुस्तीची प्रबोधिनी उभारण्याची घोषणा झाली होती. ती अनेक वर्षे कागदावरच राहिल्याने २०१७ मध्ये त्यांच्या कुटुंबीयांनी हेलसिंकीचे पदक लिलावात काढून त्या पैशातून प्रबोधिनी उभारण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा कोठे या प्रश्नाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये घेतला.